पलीकडच्या वस्तीची चौदा नावं

निवडणुकीच्या कामातल्या गमतीजमती लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं. गमती आहेत. चौतीस वर्षं भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत मास्तरकी केली, त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत शाळा सांभाळून बीएलओचं काम केलं. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. नाव भारदस्त आहे, पण अधिकारी म्हणावं असं त्यात काही नाही. एका केंद्राची मतदारयादी आपल्या गळ्यात असते, एवढंच. अठरा पूर्ण झाली त्याचं नाव घालायचं, वारला त्याचं काढायचं. लग्न होऊन आली तिचं घालायचं, लग्न होऊन गेली तिचं काढायचं. हे करायला घरोघर फिरायचं, आणि फिरताना प्रत्येक घरी चहा नको म्हणायचं.

कापूरहोळच्या एका ढाबेवाल्याच्या ओळखपत्रावर त्याच्या बायकोचा फोटो आला होता आणि बायकोच्या कार्डावर त्याचा. दुरुस्तीचा फॉर्म भरू या म्हटलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. बघनाऱ्याला कळतं कुनाचं चालतं ते." भोंगवलीकडचे एक आजोबा यादीत मयत लागले होते. ते स्वतःच तहसीलला हजर झाले. त्यांच्याकडून 'मी जिवंत आहे' असा अर्ज लिहून घेतला, खाली अंगठा घेतला, तर त्यांनी अर्जाची एक प्रत मागून घेतली. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सुनंला दावायला."

हे किस्से मी लग्नकार्यात सांगतो आणि लोक हसतात. एक गोष्ट मात्र तिथे कधी सांगितली नाही. ती चौदा नावांची आहे. या अंकासाठी लिहायला बसलो आणि दुसरं काही सुचेना, म्हणून तीच लिहितो आहे. ती गमतीची नाही.

आधी आमचा लोकसभा मतदारसंघ समजून घ्यावा लागेल. त्याचं एक टोक धायरी-वारज्याच्या सोसायट्यांत आहे, जिथे लिफ्टमधून उतरून लोक मतदानाला येतात, किंवा येत नाहीत. दुसरं टोक इकडे राजगड-तोरण्याच्या मागच्या वस्त्यांत, जिथे ओढे ओलांडून यावं लागतं आणि तरी लोक येतात. आमच्या डोंगरातल्या केंद्रांवर मतदान कायम जोरात असतं. उपनगरातले शिक्षक प्रशिक्षणाला भेटले की त्यांच्याकडच्या रिकाम्या दुपारींचं सांगायचे आणि आम्ही जरा छाती काढून ऐकायचो. पण गेल्या पंचवीस वर्षांत आमची तरुण माणसं सगळी त्याच धायरीत, नऱ्ह्यात कामाला गेली. कुणी वर्कशॉपमध्ये, कुणी टेम्पोवर, कुणी सोसायटीच्या गेटवर. माणूस तिकडे, नाव इकडे. काहींचं दोन्हीकडे. मतदानाच्या दिवशी जीप करून गावी यायची, मत द्यायची, आईच्या हातचं जेवायची आणि परत जायची. राज्यकर्ते बदलले, पेट्या जाऊन यंत्रं आली, पण हे येणं काही बंद झालं नाही.

तहसीलदार कचेरीला मात्र याद्या 'शुद्ध' हव्या असतात. दोन ठिकाणी असलेली नावं, गेलेल्यांची नावं, मयतांची नावं काढा, असा आदेश दर वर्षा-दोन वर्षांनी येतो. नाव काढायची पद्धत चांगली आहे, ती मी इथे मुद्दाम सांगतो, म्हणजे माझं काय चुकलं ते नीट कळेल. त्या घरी स्वतः जायचं. माणूस राहत नाही याची खात्री करायची. नोटीस द्यायची, घर बंद असेल तर दाराला चिकटवायची. शेजारच्या दोघांच्या सह्या घेऊन पंचनामा करायचा. मग मुदत संपेपर्यंत थांबायचं, आणि कुणी हरकत घेतली नाही तरच नाव वगळलं जातं. पद्धतीत खोट नाही. खोट असते ती ती पाळणाऱ्यात.

ज्या गावाची ही गोष्ट आहे त्याचं नाव लिहीत नाही. वेल्ह्याच्या बाजूचं, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, तिकडचं गाव. त्या गावात मी दोनदा होतो. पहिल्यांदा नोकरीला लागलो तेव्हा सहा वर्षं, आणि पुन्हा शेवटची नऊ वर्षं. गाव ओढ्याच्या अलीकडे, आणि ओढ्यापलीकडे वीस मिनिटांच्या चालीवर बौद्ध वस्ती. अकरा घरं. शाळा अलीकडे, ग्रामपंचायत अलीकडे, एसटीचा थांबा अलीकडे. वस्तीवरची मुलं पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की शाळेला येत नसत आणि मी हजेरीपटावर 'गैरहजर' लिहीत असे. त्यातही मला कधी काही वावगं वाटलं नाही.

त्या वर्षी शुद्धीकरणाची मोहीम आली. भोरमधल्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या यादीचं कौतुक केलं होतं. गुरुजींचा भाग बघा, एक दुबार नाव सापडायचं नाही, असं म्हणाले होते. ते कौतुक डोक्यात घेऊनच मी गावात फिरलो. अलीकडची सगळी घरं तीन दिवसांत उरकली. चौथ्या दिवशी पलीकडे जायचं होतं. दुपारचे अडीच वाजले होते, चार वाजता भोरला जाणारी एसटी होती आणि ती चुकली तर मुक्काम पडत होता. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर गावचे माजी सरपंच बसले होते. त्यांना इथे अण्णा म्हणतो.

"कुठं निघालात, गुरुजी?"

"पलीकडं. वस्तीची घरं राहिलीत."

"तिथं काय हाय बघायला? बसा हितं," अण्णा म्हणाले. "निम्मी घरं बंद हायती. समदी धायरीला गेली. यादी काढा, म्या सांगतो."

मी बसलो. यादी काढली. अण्णा एकेक नाव ऐकत होते आणि सांगत होते. हा गेला. हा बायकापोरांसकट गेला. ह्यानं तिकडं खोली घेतली. मी पेन्सिलीनं खुणा करत होतो. एका नावाशी थांबलो. चंद्रभागा सोपान गायकवाड. वस्तीवर त्यांना भागाबाई म्हणतात. सत्तरीच्या बाई, चार शेळ्या आणि थोडी भाताची खाचरं. मी पहिल्यांदा गावात होतो तेव्हा त्यांचा मुलगा विलास माझ्याकडे पहिलीपासून चौथीपर्यंत होता.

"भागाबाई तर आहेत इथे," मी म्हटलं.

"न्हाईत. दिवाळीपासनं पोराकडं गेली म्हातारी. शेळ्या इकल्या."

महिनाभर मला त्या दिसल्या नव्हत्या, हे खरं होतं. मी ओढ्यापलीकडे गेलोच नव्हतो, तर दिसणार कशा, हे त्या ओट्यावर माझ्या मनात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते बाजूला सारलं असेल. आता आठवून सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते माझ्या बाजूनं धरायचा मला हक्क नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक होती. विलास पुढच्या ग्रामपंचायतीला वॉर्डातून उभा राहणार, असं गावात बोललं जात होतं. ग्रामपंचायतीची यादी याच यादीवरून तयार होते, आणि उभा राहणाऱ्याचं नाव यादीत लागतं. चौदा मतांत तो वॉर्ड इकडचा तिकडे होतो. अण्णांचा मुलगा त्याच वॉर्डात उभा राहणार होता. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी पेन्सिलीच्या खुणा शाईनं पक्क्या केल्या. पंचनाम्यावर ओट्यावरच बसलेल्या दोघांनी सह्या केल्या. ते वस्तीचे शेजारी नव्हते. 'समक्ष घरी जाऊन खात्री केली' असं मी लिहिलं. 'नोटीस दारावर चिकटवली' असंही लिहिलं. त्या चौदा नोटिसा माझ्या पिशवीत राहिल्या आणि पुढच्या आठवड्यात शाळेच्या रद्दीत गेल्या. चारची एसटी मला मिळाली.

लोकसभेचं मतदान मे महिन्याच्या उन्हात आलं. बीएलओनं मतदान केंद्राबाहेर टेबल टाकून बसायचं असतं. यादीत नाव शोधून अनुक्रमांक सांगायचा, म्हणजे आतल्यांचं काम सोपं होतं. नऊच्या सुमाराला भागाबाई आल्या. धुतलेलं नऊवारी, डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ओळखपत्र. दंडाला आणि चेहऱ्याला ऊन लागलेलं. त्या ओढ्यापलीकडून चालत आल्या होत्या. म्हणजे त्या तिथेच होत्या. कुठेही गेल्या नव्हत्या.

"बगा गुरुजी, माझा लंबर कितवा."

मी यादी उघडली. कुठलं पान उघडायचं ते मला माहीत होतं, पण मी उगाच दुसरी पानं चाळली. मग ते पान आलं. त्यांच्या नावावर 'वगळले' असा तिरपा शिक्का छापला होता. वर खाली आणखी तेरा शिक्के.

"नाव दिसत नाही, भागाबाई."

"नीट बगा. ह्यातच आसंल. म्या लगीन होऊन आल्यापासनं कवा चुकवलं न्हाई. आमचा सासरा म्हनायचा, येक येळ जेवू नका पन मत चुकवू नका. कुनी दिलंय त्ये इसरू नका."

त्यांच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे, तिला दर वर्षी नवा हार पडतो. मी चौथीच्या मुलांना त्याच तसबिरीतल्या माणसाचा धडा शिकवत होतो, चांगला शिकवायचो असं लोक म्हणत.

मी म्हणालो, "वरून उडालेलं दिसतंय. कॉम्प्युटरची चूक असेल."

हे वाक्य सहज आलं. त्याआधी मी काही ठरवलं नव्हतं.

"मंग आता?"

"मी विचारतो तहसीलला. बसा तुम्ही."

आमच्या शाळेजवळ मोबाईलला रेंज नाही. देवळाच्या कठड्यापाशी गेलं तर येते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी उठून तिथे गेलो. शाळेसमोरच्या चिंचेखाली त्या बसल्या होत्या, तिथून मी त्यांना दिसत होतो. मी मोबाईल कानाला लावला. कुणालाही लावला नाही. कुणाला लावणार होतो आणि काय सांगणार होतो? मी नुसता उभा राहिलो आणि दोन-तीनदा म्हणालो, "हो साहेब. हो साहेब. बघा काही होत असेल तर." मग परत येऊन त्यांना सांगितलं, "बघतो म्हणालेत."

अकरा वाजता विलास आला. धायरीहून वस्तीची सात जणं रजा काढून एका जीपमध्ये आली होती. त्यांच्यातल्या एकाचंही नाव तिकडच्या यादीत नव्हतं. सगळ्यांची नावं इथेच, म्हणजे आता कुठेच नव्हती. विलास चाळिशीला टेकलेला माणूस, वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो. तो आत केंद्राध्यक्षांकडे गेला. केंद्राध्यक्ष बाहेरच्या तालुक्यातले, नियमानं वागणारे होते. नाव यादीत नाही तर मत देता येत नाही, ओळखपत्र असलं तरी नाही, हे त्यांनी शांतपणे समजावलं. ते बरोबरच होते.

विलास माझ्या टेबलाशी आला. "गुरुजी, हितं वगळल्यालं लिवलंय, कारन स्थलांतरित. आई कुठं गेली स्थलांतरित हुन? कुणी लिवलं हे?"

"वरून येतं ते," मी म्हणालो.

त्यानं यादी मिटून माझ्यापुढे सरकवली आणि आईला म्हणाला, "चल घरी. उनाचं बसू नको."

"तू जा," भागाबाई म्हणाल्या. "गुरुजींनी फोन केलाय."

त्या तिथेच बसून राहिल्या. दुपारी मी शिपायाकरवी त्यांना पाणी पाठवलं. स्वतः नेऊन दिलं नाही. माझा डबा मी वर्गात, भिंतीकडे तोंड करून खाल्ला. ऊन सरकलं तशा त्या सावलीबरोबर सरकत होत्या. येणाऱ्या बायकांना विचारायच्या, दिलं का मत, आणि बोटाची शाई बघायच्या. सहा वाजता शाळेचं फाटक लावलं तेव्हा त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून.

"आला का फोन?"

"नाही आला."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमी तरी काय करनार. दिसभर तुमी बी उपाशीच आसताल."

त्या ओढ्याकडे निघाल्या. मी टेबल उचलून आत ठेवलं आणि केंद्राध्यक्षांना मतदानाचा आकडा विचारला. चांगलं झालं होतं मतदान. आमच्याकडे ते चांगलंच होतं.

दोनेक महिन्यांनी एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर विलास आला. वर्गात कुणी नव्हतं. त्यानं माहितीच्या अधिकारात कागद मागवले होते. पंचनाम्याची प्रत त्यानं माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"सही बघायची गरज न्हाई पडली, गुरुजी. अक्षर वळखलं. माझं नाव पाटीवर पैल्यांदा तुमीच लिवून दिल्यालं. त्येच्यावरनं म्या गिरवलं."

मी काय बोललो असेन? माणसाला लाज वाटली तर तो आधी माफी मागेल, असं मला वाटायचं. मी विचारलं, "तक्रार करणार आहेस का?"

विलास हसला नाही आणि चिडलाही नाही. "रिटायर व्हायला किती वर्सं ऱ्हायलीत तुमची?"

"दीड वर्ष."

"मंग न्हाई करत. तुमची पेन्शन आडकवून मला काय मिळनार? पन आईला तुमी सोताच्या तोंडानं सांगा. तिला वाटतंय कॉम्प्युटरनं केलं. ती हरेकाला सांगत फिरती, गुरुजींनी लई खटपट केली म्हनून."

मी सांगतो म्हणालो. त्याच आठवड्यात नवीन नोंदणीचे चौदा फॉर्म घेऊन मी पलीकडच्या वस्तीवर गेलो. ओढा ओलांडून वस्तीवर पोचायला मला सतरा मिनिटं लागली, मी घड्याळ बघितलं होतं. घरोघर बसून फॉर्म भरले. धायरीच्या सात जणांचे कागद विलासनं गोळा करून ठेवले होते. भागाबाईंच्या अंगणात सगळ्यात शेवटी बसलो. शेळ्या खुंट्याला होत्या, चारही. त्यांनी कोरा चहा दिला. फोटो चिकटवला, अंगठा घेतला. तेव्हा सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "कुनी इतकं करत न्हाई वं, गुरुजी." आणि मी चहा पिऊन उठलो.

नावं लागली. पण ग्रामपंचायतीची यादी ज्या तारखेला गोठवली, तिच्यानंतर लागली. विलासला उभं राहता आलं नाही. वॉर्डात दुसरा कुणी अर्जच भरेना, तेव्हा अण्णांचा मुलगा बिनविरोध निवडून आला. गुलाल उधळत मिरवणूक शाळेवरून गेली आणि अण्णांनी मला पेढा पाठवला. मी तो मुलांना वाटून टाकला. न खाण्यानं काय साधलं, हे मात्र मला सांगता येणार नाही.

त्यानंतरचं लिहायला सगळ्यात जड जातं. जानेवारीत मतदार दिनाचा कार्यक्रम होतो. त्या वर्षी तहसीलला माझा सत्कार झाला. दुर्गम वस्तीत जाऊन चौदा नवमतदारांची नोंदणी केल्याबद्दल प्रशस्तिपत्र. भागाबाई नवमतदार. मी स्टेजवर गेलो, शाल घेतली, फोटोला उभा राहिलो. नको म्हणण्यासाठी कारण सांगावं लागलं असतं. तो फोटो कुणीतरी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे पाठवले. विलासनं काहीच लिहिलं नाही. त्या ग्रुपवर तो होता, फोटो त्यानं बघितला असणारच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी भोरहून एसटीनं गावात गेलो आणि थेट ओढा ओलांडला. भागाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. तुमचं नाव मी काढलं. मी आलो नाही, ओट्यावर बसून लिहिलं. कॉम्प्युटरचा काही संबंध नव्हता.

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "इलासनं कागद आनला त्याच दिशी सांगितलं."

"मग मी फॉर्म भरायला आलो तेव्हा तुम्ही..."

"म्या वाट बगत व्हते. म्हटलं आता सांगतील, चा पिऊन झाला की सांगतील." दोन खडे काढून त्यांनी बाजूला टाकले. मग वर बघून विचारलं, "त्या दिशी देवळापाशी उबं ऱ्हाऊन फोन केला, त्यो कुनाला केल्ता?"

मी जे सांगायला आलो होतो त्यात हे नव्हतं. ते माझं मलाच ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो.

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

आता त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "नाव काडलं त्ये येक येळ समजलं. मानूस आळस करतो. पन म्या दिसभर बसले वं, गुरुजी. चार वाजता घरी जानार व्हते, शेरडं उपाशी व्हती. म्हटलं गुरुजी मागारी बोलवाय लागले तर सापडायचं न्हाई, म्हनून न्हाई गेले."

मी खाली बसलो. माफी मागितली. त्यांनी ती घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही. एवढंच म्हणाल्या, "मला येकटीला सांगून काय व्हतंय? चौदा मानसं व्हती. गावाम्होरं सांगा."

पुढच्या ग्रामसभेला मी गेलो. शाळेचा विषय झाल्यावर उभा राहिलो आणि बोललो. वस्तीची चौदा नावं माझ्यामुळे गेली, मी घरी न जाता घरी गेलो असं लिहिलं. सभेत कुजबुज झाली. अण्णा पुढच्याच खुर्चीवर होते. ते हसून म्हणाले, "गुरुजी लई मनाला लावून घेत्यात. आवो, चूक मानसाकडनंच हुती. नावं आली न्हवं परत? घ्या म्होरला विषय." लोकांना सुटल्यासारखं झालं. मलाही झालं. मी खाली बसलो.

बायकांच्या बाजूनं भागाबाईंचा आवाज आला. "आजून सांगायचं ऱ्हायलंय त्येंचं."

मी पुन्हा उठलो. फोनचं सांगितलं. नोटिसा रद्दीत टाकल्याचं सांगितलं. पहिल्या बाकावर शाळेतल्या दोन मुलांचे बाप बसले होते, त्यांनी मान खाली घातली, माझ्या वतीनं. कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं, हे मात्र मी सांगितलं नाही. अण्णा माझ्याकडे बघत होते. सगळ्यांना कळत होतं, आणि सगळे वाट बघत होते. मी म्हणालो, "दोष माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही." ऐकायला ते वाक्य मोठ्या मनाचं वाटलं असेल. ते भित्रेपणाचं होतं.

पुढच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला भागाबाईंनी आणि वस्तीच्या सगळ्यांनी मत दिलं. बीएलओचं काम मी त्याआधीच सोडलं होतं. काही दिवसांनी शाळेतूनही निवृत्त झालो. प्रशस्तिपत्र परत करायला कचेरीत गेलो होतो. तिथले कारकून म्हणाले, असं परत घ्यायची काही पद्धत नाही. ते कपाटात आहे.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी पुन्हा वस्तीवर गेलो. ओढ्यावर आता साकव झाला आहे, पाय ओले होत नाहीत. भागाबाईंना विचारलं, तुमची हकिगत मासिकात लिहू का, तुमच्या नावानं?

"लिवा की. मला काय भ्याव हाय? पुरं नाव लिवा. चंद्रभागा सोपान गायकवाड."

मी वहीत लिहून घेतलं. त्यांना वाचता येत नाही, तरी त्या वाकून वहीत बघत होत्या.

"आन् त्येंचं?" त्यांनी गावाच्या दिशेनं हनुवटी हलवली.

"त्यांचं नको," मी म्हणालो. "अण्णा म्हणून लिहीन. खरं नाव नको."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आजारी माणसाकडे बघतात तसं.

"आजून भ्या वाटतं व्हय त्येंचं तुमाला?" त्या म्हणाल्या. "आता तर तुमची पेन्शन बी चालू झाली."